दादीने समुद्र पाहिला

[मुंबई हे आपल्या राज्याच्या राजधानीचे शहर आहे. तेथे राहणे, खाणे आणि फिरणे महाग पडते. तरीही नीट हिशेब केला तर थोड्या पैशांत मुंबई पाहता येते. मालेगावच्या एका विणकर कुटुंबाने अशी सहल कशी केली, ते आठवीत शिकणारा मुलगा या पाठात सांगत आहे.]

आमचे गाव मालेगाव. गिरणा आणि मोसम या नद्यांच्या काठी ते वसले आहे. गावात शिरले की यंत्रमागांची खटखट ऐकू येते. माझे अब्बा यंत्रमागावर काम करतात. दादीने तर चाळीस वर्षे कांड्या भरल्या. आमच्या मागावरचे कापड ट्रकमध्ये भरून मुंबईला जाते. मुंबई-आग्रा रस्त्याने जाणारे ते ट्रक दादीने जन्मभर पाहिले; पण ती स्वतः मात्र नाशिकच्या पुढे कधी गेली नव्हती.

एकदा ती सहज म्हणाली, "समुद्र म्हणे आभाळाला टेकलेला असतो. एकदा डोळ्यांनी पाहिला असता तर बरे झाले असते."

अब्बा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते दर आठवड्याच्या पगारातून थोडे पैसे बाजूला ठेवू लागले. दिवाळीच्या सुटीपर्यंत नऊ हजार रुपये जमले.

मुंबईला हॉटेलात उतरणे आम्हांला परवडण्यासारखे नव्हते. पण आमची फूफी मुंब्र्याला राहते. तिने निरोप पाठवला, "घर लहान आहे, पण मन लहान नाही. सगळे या." दादीचे गुडघे दुखतात. तिला वाटेत थांबत थांबत न्यायला हवे होते. म्हणून मामूंनी आपली गाडी काढली. ते म्हणाले, "गाडीचे भाडे नको. डिझेल आणि टोल तेवढा द्या."

आपा दहावीत आहे. तिचे गणित चांगले आहे. अब्बांनी खर्चाची वही तिच्या हाती दिली. तिने पहिल्या पानावर लिहिले:

डिझेल आणि टोल – 5,500 रुपये
लोकल आणि बस – 800 रुपये
खाणेपिणे – 1,200 रुपये
फूफीसाठी साडी – 500 रुपये
अडीअडचण – 1,000 रुपये
एकूण – 9,000 रुपये

छोटू म्हणाला, "अडीअडचण म्हणजे काय? ती कुठे मिळते?"

मामू हसून म्हणाले, "ती विकत घ्यावी लागत नाही, बेटा. ती आपणहून भेटायला येते!"

शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. त्या दिवशी फजरची नमाज होताच आम्ही निघालो. अब्बा, अम्मी, दादी, आपा, छोटू, मी आणि गाडी चालवायला मामू, असे आम्ही सात जण होतो. अम्मीने रोट्या, सुकी भाजी, उकडलेली अंडी आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर घेतल्या होत्या. फूफीसाठी घेतलेली साडी दादीने आपल्या मांडीवरच ठेवली होती.

राहुडचा घाट चढून आम्ही चांदवडला आलो. येथे अहिल्याबाई होळकरांचा जुना वाडा आहे. पुढे पिंपळगाव बसवंतच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे दिसले. ओझरजवळ विमानांचा कारखाना आहे, असे अब्बांनी सांगितले. छोटू बराच वेळ आभाळात विमान शोधत होता. नाशिक मागे पडले आणि डोंगर जवळ येऊ लागले.

घोटीला आम्ही न्याहारीसाठी थांबलो. पुढे इगतपुरी आणि मग कसारा घाट. घाट उतरण्यापूर्वी गाडी तपासायची, ही मामूंची सवय. ते चाकांजवळ वाकले आणि तसेच थांबले. मागच्या एका टायरला बाजूने मोठी चीर पडली होती. जादा टायर होता, पण तोही झिजलेला होता.

"या टायरवर घाट उतरणे बरोबर नाही," मामू म्हणाले. "गाडीत माणसे आहेत."

जवळच्या दुकानात चौकशी केली. जुना, पण चांगल्या स्थितीतला टायर 1,800 रुपयांना मिळत होता. मामू स्वतःच्या खिशात हात घालू लागले. अब्बांनी त्यांचा हात धरला. "गाडी तुम्ही फुकट आणली. आता टायरही तुम्हीच घ्यायचा? ते जमायचे नाही."

टायर घेतला. पण अडीअडचणीचे हजार रुपये संपून आणखी आठशे कमी पडत होते. आम्ही सारे गप्प झालो. अब्बा हळूच म्हणाले, "येथून घर सहा तासांवर नाही. परत फिरलो तर डिझेलचेही पैसे वाचतील. पुढच्या वर्षी जाऊ."

दादी साडीची पिशवी घट्ट धरून खिडकीबाहेर पाहत होती. ती काहीच बोलली नाही. तिचे वय बहात्तर आहे. पुढच्या वर्षीचे कोणी सांगावे?

आपाने वही उघडली. "अब्बा, मला दहा मिनिटे द्या," ती म्हणाली. "नुसते आठशे रुपये कमी नाहीत. वाटेसाठी हाताशी निदान पाचशे तरी हवेत. म्हणजे तेराशेंची सोय करायची आहे."

तिने एकेक रकाना तपासला. डिझेल कमी करता येत नव्हते. साडी आधीच घेतली होती. "खाण्याचे बाराशे धरले आहेत. मुंबईत फूफीकडून डबा घेऊन निघालो आणि बाहेर फक्त संध्याकाळी खाल्ले, तर सातशेत भागेल. पाचशे वाचले. बोरीबंदरपासून गेटवेपर्यंत चालत जाता येते. हळूहळू, बसत बसत गेलो तर लोकल आणि बसचे आठशेऐवजी पाचशे पुरतील. तीनशे वाचले. हे झाले आठशे. अजून पाचशे हवेत."

तेव्हा दादीने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. त्यात पाचशेची एक नोट होती. हाजी अलीच्या दर्ग्यात चादर चढवण्यासाठी तिने ती जपून ठेवली होती.

"नको, अम्मा," अब्बा म्हणाले. "ते तुमच्या नवसाचे पैसे आहेत."

"दुआ मागायला पैसे लागत नाहीत, बेटा," दादी म्हणाली. "टायरला मात्र लागतात."

आपाने नोट घेतली आणि वहीत लिहिले : 'दादीकडून उसने – 500 रुपये.' मग ती म्हणाली, "उसने घेतलेले परत करायचे असतात. हे मी विसरू देणार नाही."

आम्ही पुढे निघालो. कसारा घाटात एका बाजूला उंच डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी होती. दरीपलीकडे रेल्वेचे बोगदे दिसत होते. नवा टायर मजबूत होता, तरी मामू गाडी सावकाश चालवत होते. अब्बा म्हणाले, "मुंबईच्या नळांना येणारे बरेचसे पाणी याच डोंगरांकडून जाते. वैतरणा, तानसा, भातसा ही धरणे इकडेच आहेत." मला वाटले, मुंबई अजून दूर आहे, पण तिचा संसार येथूनच सुरू होतो.

भिवंडीला जुम्याची नमाज झाली. दुपारी आम्ही मुंब्र्याला पोहोचलो. फूफीने दादीला मिठी मारली. त्या रात्री दोन खोल्यांत आम्ही बाराजण झोपलो.

शनिवारी गाडी फूफीच्या इमारतीखालीच ठेवली. मुंबईत गाडी नेली तर ती उभी करण्याचे पैसे आणि वाहनांच्या गर्दीत वाया जाणारा वेळ, दोन्ही सोसावे लागतात. लोकल स्वस्त आणि वेगवान. सकाळची गर्दी ओसरल्यावर आम्ही लोकलने निघालो. ठाणे स्टेशन आले तेव्हा आपा म्हणाली, "16 एप्रिल 1853 या दिवशी आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी बोरीबंदरहून येथपर्यंत आली. अंतर होते 34 किलोमीटर."

बोरीबंदरचे आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ही भव्य इमारत 1888 मध्ये पूर्ण झाली. 2004 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ती बाहेरून पाहायला एक पैसाही लागत नाही. समोरच अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेच्या शाळेची देखणी इमारत आहे. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था 1874 मध्ये स्थापन केली. अब्बा त्या इमारतीकडे बराच वेळ पाहत राहिले. ते सातवीपर्यंतच शिकले आहेत.

तेथून आम्ही हुतात्मा चौकावरून चालत निघालो. दादी दमली की आम्ही सावलीत बसत होतो. असे करत करत गेटवे ऑफ इंडियापाशी आलो. 1924 मध्ये बांधून झालेली ही दगडी कमान समुद्राच्या काठावर उभी आहे. 28 फेब्रुवारी 1948 रोजी इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली.

पण दादीचे लक्ष कमानीकडे नव्हते. ती कठड्याजवळ गेली. समोर पाणीच पाणी होते. बोटी डुलत होत्या. दादी किती तरी वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "हे मोजायला कोणाची वही पुरणार?"

छोटूला बोटीत बसायचे होते. आपाने तिकिटाचा दर विचारला, सातने गुणले आणि मान हलवली. छोटूचे तोंड उतरले. दादीने त्याला जवळ घेतले आणि म्हणाली, "तू बोटी मोज. मला शंभराच्या पुढे मोजता येत नाही." छोटू मोजू लागला. सत्तावन्न बोटी झाल्यावर त्याला भूक लागली. आम्ही फूफीने दिलेला डबा उघडला.

दुपारी बसने हाजी अलीला जायचे होते. ही वेळ आपाने मुद्दाम निवडली होती. हाजी अलीचा दर्गा समुद्रातील खडकावर आहे. काठापासून दर्ग्यापर्यंत एक सखल रस्ता जातो. मोठ्या भरतीच्या वेळी हा रस्ता पाण्याखाली जातो. आपाने आम्हांला समजावून सांगितले, "चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीमुळे समुद्राला भरती येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एकाच रेषेत येते. म्हणून तेव्हा भरती मोठी असते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते. परवाच अमावास्या झाली. आज भरती दुपारी एकच्या सुमारास आहे. त्यानंतर पाणी ओसरू लागेल."

तिचे म्हणणे बरोबर निघाले. चारच्या सुमारास आम्ही पोहोचलो तेव्हा रस्ता ओला होता, पण मोकळा होता. दोन्ही बाजूंच्या खडकांवरून पाणी मागे सरत होते. एका बाजूने अब्बांचा आणि दुसऱ्या बाजूने माझा हात धरून दादी चालत होती. दर्ग्यात तिने चादर चढवली नाही. ओढणी सावरून तिने दोन्ही हात उचलले आणि डोळे मिटले. तिने काय मागितले, ते आम्ही विचारले नाही.

संध्याकाळी आम्ही गिरगाव चौपाटीवर आलो. येथे आपाने खाण्याच्या रकान्यातले पैसे मोकळ्या हाताने काढले. आम्ही भेळ खाल्ली. छोटूने कुल्फी खाल्ली. सूर्य पाण्यात बुडाला आणि पश्चिमेला बारीक चंद्रकोर दिसली. पाहता पाहता मरीन ड्राइव्हचे दिवे लागले. सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा तो वळणदार रस्ता माळेसारखा चमकू लागला. मुंबईतले महागडे फ्लॅट त्या रस्त्यावर आहेत. पण त्यांच्यासमोरच्या कठड्यावर बसायला कोणी पैसे घेत नाही. त्या कठड्यावर आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे बसली होती.

दादी आता फार दमली होती. आपा स्वतःच म्हणाली, "दादी, अम्मी, अब्बा आणि छोटू यांनी टॅक्सीने स्टेशनवर जावे. अडीअडचणीचे पैसे यासाठीच असतात." मामू, आपा आणि मी चालत गेलो.

रविवारी आम्ही सुखरूप मालेगावला परतलो. रात्री आपाने हिशेब पुरा केला:

डिझेल आणि टोल – 5,420 रुपये
टायर – 1,800 रुपये
लोकल आणि बस – 430 रुपये
खाणेपिणे – 670 रुपये
फूफीसाठी साडी – 500 रुपये
टॅक्सी – 100 रुपये
एकूण खर्च – 8,920 रुपये

जमा होते 9,500 रुपये. शिल्लक राहिली 580 रुपयांची. आपाने त्यातले पाचशे दादीच्या हातावर ठेवले आणि वहीतल्या 'उसने' या शब्दापुढे 'फेडले' असे लिहिले. उरले ऐंशी रुपये. छोटूने विचारले, "ते कशासाठी?"

"बोटीसाठी," अब्बा म्हणाले. "आजपासून पुन्हा जमवायला लागू."

शब्दार्थ

विणकर – कापड विणणारा (जुलाहा)
कांडी भरणे – विणकामासाठी कांडीवर सूत गुंडाळणे
निरोप – संदेश (पैगाम)
न्याहारी – सकाळचे खाणे (नाश्ता)
चीर – फट, भेग (शिगाफ)
रकाना – वहीतील उभा भाग (खाना)
उसने – परत करण्याच्या बोलीने घेतलेले (उधार)
नवस – इच्छा पूर्ण होण्यासाठी बोललेली गोष्ट (मन्नत)
दरी – दोन डोंगरांमधील खोल जागा (वादी)
सखल – उंच नसलेला (नशेबी)
भरती – समुद्राचे पाणी वर चढणे (मद्द)
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे सरणे (जज्र)
शिल्लक – खर्च होऊन उरलेले (बाकी)

वाक्प्रचार

परवडणे – खर्च झेपणे
तोंड उतरणे – निराश होणे
मोकळ्या हाताने खर्च करणे – काटकसर न करता खर्च करणे

स्वाध्याय

प्र. 1. प्रत्येकी एका वाक्यात उत्तर लिहा.
1. मालेगाव कोणत्या नद्यांच्या काठी वसले आहे?
2. फूफी कोठे राहत होती?
3. टायर किती रुपयांना मिळाला?
4. देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी कोणत्या दिवशी धावली?
5. शेवटी उरलेले ऐंशी रुपये कशासाठी ठेवले?

प्र. 2. प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
1. मामूंनी घाट उतरण्यापूर्वी टायर बदलण्याचा आग्रह का धरला?
2. आपाने तेराशे रुपयांची सोय कशी केली?
3. मुंबईत गाडी न नेता लोकलने जाण्याचे कोणते फायदे झाले?
4. हाजी अलीला जाण्यासाठी आपाने दुपारनंतरची वेळ का निवडली?

प्र. 3. कोण, कोणास म्हणाले?
1. "ती आपणहून भेटायला येते!"
2. "गाडी तुम्ही फुकट आणली."
3. "टायरला मात्र लागतात."
4. "तू बोटी मोज."

प्र. 4. विचार करा आणि लिहा.
घोटीहून परत फिरावे, असे अब्बांना वाटले. पुढे जावे, असे आपाला वाटले. तुम्ही असता तर काय ठरवले असते? कारणे देऊन पाच-सहा वाक्ये लिहा.

भाषाभ्यास

उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी.
तो समुद्र – मोठा समुद्र
ती लाट – मोठी लाट
ते शहर – मोठे शहर
उर्दूत 'पानी' हा शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत 'पाणी' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणून मराठीत 'पाणी थंड झाले' असे म्हणतात.

प्र. 5. तो, ती किंवा ते लावा आणि प्रत्येक शब्दाचा वाक्यात उपयोग करा.
रस्ता, बोट, घर, वही, डोंगर, गाव

प्र. 6. हिशेब, खर्च, जमा हे शब्द मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आढळतात. या पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. त्यांच्या उच्चारात किंवा लिंगात काही फरक आहे का, ते पाहा.

उपक्रम

आपल्या गावाहून जवळच्या एखाद्या ठिकाणी चार जणांनी सहलीला जायचे आहे. प्रवास, खाणे आणि अडीअडचण यांचा अंदाजे खर्च काढा. नंतर त्यातून 200 रुपये कमी करायचे झाल्यास कोठे कमी कराल, ते गटात चर्चा करून वहीत लिहा.